डावीकडे वळताना उजवा दिवा

२६ ऑक्टोबर २००६, गुरुवार

दिवाळी सासुरवाडीला झाली. सुट्टीचे उरलेले दिवस दादाकडे. अमरावतीहून सकाळची एस.टी., अकोटला उतरून काळीपिवळी, पुढे पायी.

शाळेच्या मैदानात दादाचा ट्रक उभा. ओळखला नाही. गेल्या महिन्यात लिलावातून आणला तेव्हा फौजी हिरवा होता. आता पिवळा. हळदीचा नाही, तुरीच्या फुलाचा. फौजेचा हिरवा रंग खाजगी गाडीला चालत नाही, म्हणून वहिनीच्या बचत गटाच्या अकरा जणींनी मिळून रंगवला. चार दिवस. पेंटर बोलावला नाही. घर रंगवायचं तेव्हा कोण बोलावतं?

ट्रकवर डाळमिल बसणार. गावोगाव जाणारी. सध्या गटाच्या बायका तूर अकोटच्या अडत्याला घालतात आणि डाळ किराणा दुकानातून आणतात. वहिनीला हे वाक्य म्हणताना दरवेळी नव्यानं राग येतो. मशीन सरकारी योजनेतून मंजूर आहे. अट एकच: १० नोव्हेंबरपर्यंत आर.टी.ओ.तून गाडी पास करून दाखवायची. नाही झाली तर मशीन यादीतल्या पुढच्या गटाला.

इंजिन उत्तम, ब्रेक उत्तम. अडचण दिव्यांची. डावा इंडिकेटर लावला की उजवाही लुकलुकतो. ब्रेक दाबला की हेडलाइट मंदावतात. हॉर्न वाजवला की वायपर एकदा दचकतो.

दादा बावीस वर्षं फौजेत ड्रायव्हर, हवालदार होऊन निवृत्त. त्याला विचारलं, असं का होतं?

“गाडी हाय. मूड असते तिचा.”

२७ ऑक्टो., शुक्रवार

अकोटचे रशीदचाचा हे या भागातले ट्रकच्या वायरिंगचे शेवटचे जाणकार, असं दादा म्हणतो. पण परवा ईद झाली, चाचा रविवारपर्यंत दुकान उघडणार नाहीत. दादा चकल्यांचा डबा घेऊन गेला, शिरखुर्म्याचा घेऊन आला. वायरिंगबद्दल दोघांत एक शब्द नाही झाला म्हणे. सणात धंद्याचं बोलू नये.

मग मीच हात घातला. तास गेला. एकही दिवा लागेना, कालचा चुकीचा लुकलुकाटही नाही. दादा बंपरवर बसून शेंगा सोलत होता. शेवटी उठला, दिव्यांच्या बटणाखालची, माझाच हात लागून पडलेली बोटभर खिटी वर केली. सगळं परत आलं.

ते अंधाराचं बटण, रात्री फौजेचा ताफा शत्रूला दिसू नये म्हणून. खिटी खाली असली की बाहेरचे सगळे दिवे मरतात. फक्त एका बारीक दिव्याचा उजेड ट्रकच्या पोटाखाली, मागच्या आसाच्या लोखंडी गोळ्यावर पडतो. गोळा पांढरा रंगवलेला असतो. अंधारात मागच्या ड्रायव्हरनं तेवढा पांढरा गोल धरून यायचं. पन्नास गाड्या अशा एकामागे एक.

“तासभर सांगितलं काहून नाही?”

“तू विचारलं काहून नाही?”

खाली वाकून पाहिलं. बायकांनी तो गोळाही पिवळा केला आहे. दादानंही पाहिलं. थोडा वेळ तसाच वाकलेला. मग म्हणाला, चकाचक केला बाप्पा.

२८ ऑक्टो., शनिवार

अकोटहून सहा नवे बल्ब आणले. लावले. बटण दाबलं. सहा बल्ब, सहा आवाज.

फौजी गाडी चोवीस व्होल्टची. मी आणलेले बाराचे. दुकानदारानं विचारलं होतं, कोणते देऊ. मी म्हणालो होतो, चांगले.

जुनेच बल्ब परत लावले. वहिनी दुपारी जेवताना: “भाऊजी, कालेजात बी असंच शिकवता का?”

२९ ऑक्टो., रविवार

चाचा आले. मोपेडवर, मागे हत्यारांची पिशवी. साठीच्या पुढचे. चष्म्याची एक काडी वायरनं बांधलेली, पण बांधणी इतकी सुबक की कंपनीची वाटावी. आधी गाडीभोवती एक चक्कर मारली, हात मागे. मग वहिनीला म्हणाले, रंग लय मस्त आला भाभी.

मग चाचांनी तासभर एकही वायर तोडली नाही. एक जुना बल्ब, त्याला दोन वायरी, एवढंच त्यांचं यंत्र. एक टोक इथे, एक टोक तिथे, मान हलवायची. मी विचारलं, काय सापडलं? म्हणाले, अजून तं मी फक्त सलाम-दुआ करून राहिलो.

संध्याकाळपर्यंत एक गोष्ट पक्की. माझ्या बाराच्या बल्बांसोबत फ्लॅशरही गेला आहे. इंडिकेटरला टिकटिक देणारी डबी. ती चोवीस व्होल्टची अकोटला मिळत नाही.

३१ ऑक्टो., मंगळवार

अमरावती. कॉलेजात सह्या करायच्या होत्याच. विभागप्रमुखांनी विचारलं, सुट्टीत काय वाचताय? वायरिंगचा नकाशा, म्हणालो. त्यांना ते पुस्तकाचं नाव वाटलं. कुणाचं आहे, विचारलं.

भंगार बाजारात चार दुकानं फिरलो. पाचव्यात फ्लॅशर. दुकानदारानं तो कानाशी धरून हलवला, मग माझ्या कानाशी. काही ऐकू आलं नाही. ऐकू येत नाही म्हणजे चांगला आहे, म्हणाला.

अकोटकडे परत येताना एस.टी.च्या खिडकीतून पाहत होतो: पुढच्या प्रत्येक ट्रकचा प्रत्येक दिवा. किती ट्रक डाव्या डोळ्यानं आंधळे आहेत, हे आजवर कधी दिसलं नव्हतं.

१ नोव्हेंबर, बुधवार

फ्लॅशर बसवला. टिकटिक सुरेख. डावीकडे लावला, डावा लुकलुकला. सोबत उजवाही.

चाचांनी डाव्या दिव्यावर तळहात ठेवला, जसा ताप पाहतात.

“सर, याले अर्थच नाई भेटून राहिला.”

बल्बला वीज एका वायरनं येते. परत जायची वाट म्हणजे गाडीचं लोखंड. त्या वाटेला हे लोक अर्थ म्हणतात. वाट बंद असली की वीज दुसऱ्या दिव्यात घुसून तिकडून परत जाते, म्हणून भलताच दिवा लागतो. मी अठरा वर्षं मराठी शिकवतो. या वाक्यावर वहीत काही लिहायचं नाही, असं ठरवलं आहे.

चाचांनी दिवा खोलला, मागचा पत्रा ब्लेडनं खरवडला. पिवळा. त्याखाली पिवळा. त्याखाली आणखी पिवळा. मग हिरवा. मग लोखंड. उघड्या लोखंडावर दिवा टेकवला तर डावा दिवा डावा झाला.

दुसरा दिवा खोलला. तेच. तिसरा. स्क्रूची डोकी पिवळी. वायसर दोन्ही बाजूंनी पिवळे. अकरा जणींनी प्रत्येक दिवा उतरवून, त्याच्या मागे, त्याच्या खाली, भोकाच्या आतसुद्धा तीन तीन हात दिले आहेत. पेंटर असता तर वरून फवारा मारून गेला असता आणि गाडी एव्हाना पास झाली असती.

चाचांनी ब्लेड खिशात ठेवलं. चहा घेतला. मग हळूच मला: “भाभीले तुमी सांगा.”

मी दादाकडे पाहिलं. दादा: “मी फौजेत होतो. इतका शूर नाई.”

२ नोव्हें., गुरुवार

कुणी सांगितलं नाही.

चाचा आडून आडून खरवडत होते. वहिनी आली की बल्ब हातात घेऊन उजेडाकडे धरायचे. दुपारपर्यंत अठरापैकी दोनच दिवे झाले. या गतीनं दहा तारीख हुकेल. दादाला म्हणालो. तो म्हणाला, कळते मले. मग उठून ट्रकचं चाक धुवायला गेला. धुतलेलंच चाक.

चहा देताना वहिनी चाचांच्या गुडघ्यांकडे पाहत होती. पायजम्यावर पिवळा भुगा.

३ नोव्हें., शुक्रवार

दिल्लीहून पत्रकार. जीप, दोन कॅमेरे. गेल्या वर्षापासून अशा जीपा येतात. रस्त्यावर थांबून विचारतात, इथे कुणाच्या घरी. वाक्य पुरं करत नाहीत, गावालाही पुरं करावं लागत नाही.

त्यांना गटातल्या बेबीबाईचा फोटो हवा होता. तिचा नवरा गेल्या पोळ्यानंतर गेला. बेबीबाई आमच्या मैदानातच होती. ती नेमकी ट्रकसमोर उभी, आणि दादा आत बसून चाचांसाठी बटणं दाबत होता. हॉर्न दिला, वायपर दचकला. बेबीबाईला हसू आवरेना. फोटोवाला म्हणाला, जरा हसू नका.

“मंग आधी त्या हवालदाराले उतरवा ना खाली. मले थांबवून काय होते?”

फोटो शेवटी दुसरीकडे कुठे तरी काढला असेल. जीप गेल्यावर बेबीबाई बराच वेळ बंपरला टेकून उभी होती. मग पदरानं बंपर पुसला आणि घरी गेली.

४ नोव्हें., शनिवार

कळलं.

वहिनीला सांगितलं नाही कुणी. सकाळी चाचा यायच्या आधी ती एकटी मैदानात गेली. मागचा उजवा दिवा स्वतःच उतरवला, मागचा उघडा पत्रा पाहिला. आम्ही पोचलो तेव्हा दिवा तिच्या हातात.

“हे उंदरानं केलं का?”

दादा माझ्याकडे. मी चाचांकडे. चाचांनी चष्मा काढून पुसला.

मग त्यांनी सांगितलं. सगळं, सावकाश, लोखंड, वाट, परत जाणं. आवाज खाली, जसं एखाद्याला घरातलं वाईट सांगतात. शेवटी म्हणाले, काम इतकं चांगलं झालं भाभी, की गाडीले श्वास घ्याले जागा नाई उरली.

वहिनी दिवा परत बसवू लागली, स्क्रू बोटांनीच. मग थांबली.

“तीन दिवस झाले तुमाले समजून?”

“हो.”

“तिघाईले?”

“हो.”

“दहा तारखेले सहा दिवस रायले. अन् तुमी माहा राग वाचवून राहिले?”

ती घरी गेली. दादा म्हणाला, संपलं आता. अर्ध्या तासानं ती परत आली, सोबत सगळा गट. खुरपी, विळ्या, भाकरीचं उलथणं, एकीच्या हातात दाराची लोखंडी पट्टी. बेबीबाईनं विचारलं, सणाले रंगवताना कोना सोडाचा असते का कोठी? कोणी म्हणालं, नसते. मग एवढ्यावर चूक कुणाची हा विषय मिटला. ठरलं असं, की जिनं जो कोपरा रंगवला, तिनंच तो खरवडायचा. दुसरीनं हात लावायचा नाही.

चाचा प्रत्येकीमागे उभे. इथे रुपयाएवढं. इथे आठ आण्याएवढं. जास्त नाही, गंज चढेल. खरवडल्यावर ग्रीसचं बोट. बेबीबाईनं विचारलं, चाचा, मंग वरून थोडासा रंग लावू का, दिसते खराब. चाचांनी दोन्ही कान धरले.

वहिनी दिवसभर आमच्यापैकी कुणाशी बोलली नाही. चाचांशी बोलली. विचारत होती, ही वायर कुठे जाते.

६ नोव्हें., सोमवार

अठराच्या अठरा दिवे. तरी हॉर्नवर वायपर दचकतोच.

चाचा चेसिसखाली आडवे झाले. बऱ्याच वेळानं खालून हसण्याचा आवाज. केबिन आणि चेसिस जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी असते. केबिनची सगळी वीज त्या एका पट्टीतून परत जाते. पट्टी होती. उतरवून, दोन्ही टोकं रंगवून, वाळवून, परत बसवलेली. वेणीच्या पेडापेडात रंग.

कुणी केलं? मग वहिनी: “मी. जागेवर ब्रश जात नोता.”

दादा मोठ्यानं हसला. शनिवारपासून पहिल्यांदा. वहिनीनं त्याच्याकडे पाहिलं आणि तिलाही राहवलं नाही. पट्टी नवी टाकली. हॉर्न वाजवला. वायपर शांत. मला थोडं चुकल्याचुकल्यासारखं झालं.

मग कसोटी. भर उन्हात दिवे कळत नाहीत, म्हणून प्रत्येक दिव्यापाशी एक बाई, तळहाताची सावली धरून. दादा केबिनमध्ये, चाचा मधे उभे राहून हुकूम देणारे. डावा. “माहा लागला.” “माहा बी.” उजवा. “लागला.” डाव्या बाजूला कुणाचा? कुणाचा नाही. ब्रेक. मागून दोन आवाज एकदम. बेबीबाई पोटाखालच्या त्या बारीक दिव्यापाशी उकिडवी बसली होती. तिचा लागलाच नाही, कारण खिटी वर होती. ती म्हणाली, माहाच काहून नाई लागत? दादानं खाली उतरून तिला समजावलं, तो दिवा कशासाठी असतो, मागच्यानं काय पाहत यायचं. तिनं नीट ऐकून घेतलं. मग दादानं वर जाऊन खिटी पाडली. बाकी सगळे दिवे विझले, सगळ्याजणी ओरडल्या, आणि खालून तिचा आवाज आला.

“आता माहा लागला.”

८ नोव्हें., बुधवार

रस्त्यावर पहिली फेरी. अकोट रोड. दादा, वहिनी, मी. दुतर्फा कापूस, वेचणी चालू. जिनिंगकडे निघालेल्या बैलगाड्यांची रांग.

मागून एस.टी. दादानं उजवा इंडिकेटर दिला. एस.टी. झपकन पुढे.

वहिनी: “उजवा काहून दाखवला? आपन तं सरळ जाऊन राहिलो.”

“तो म्हन्जे, जा पुढं.”

“मंग उजवीकडं वळाचं असलं तं?”

“तवा बी उजवाच.”

“मंग मागच्याले कसं समजते?”

“समजते.”

ती विचारात पडली. चौदा दिवस एवढी खटपट कशासाठी केली, असा चेहरा. मग मागून आलेल्या मोटारसायकलला पुढे जायचं होतं, तेव्हा वहिनीनं खिडकीतून हात बाहेर काढून त्याला जा म्हणून सांगितलं. दादानं इंडिकेटर दिला नाही. लग्नाला सव्वीस वर्षं.

९ नोव्हें., गुरुवार

अकोला. जठारपेठेत मामांकडे मुक्काम, कारण सकाळी दहाला आर.टी.ओ. ट्रक गल्लीत मावत नाही, कोपऱ्यावर उभा. चाचाही आले. दिव्यांसोबत मी आलोच पायजे, म्हणाले. मामींनी विचारलं, तुम्ही यांचे कोण? चाचा म्हणाले, वायरमन. मग थोडं थांबून: “गटात बारावा.”

जेवताना मामींनी वहिनीला दोनदा वाढलं, तिला कळलं नाही. मी म्हणालो, सगळं नीट होईल. ती म्हणाली, पुढच्या गटाची अध्यक्ष मले मायती आहे. चांगली बाई आहे. तिच्याकडं बी तूर आहे.

१० नोव्हें., शुक्रवार

आर.टी.ओ.च्या आवारात बसून लिहितो आहे. दु. १२.१०.

आमचा नंबर सव्वाअकराला आला. इन्स्पेक्टर तरुण, शांत, हातात पॅड. म्हणाला, डावा. लागला. उजवा. लागला. ब्रेक, पार्किंग, हेडलाइट वर, खाली. हॉर्न. चाचा ओठांतल्या ओठांत काही म्हणत होते. एकही चुकला नाही.

मग तो गाडीपासून दहा पावलं मागे गेला आणि नुसतं पाहत राहिला.

“स्कूलबस आहे का ही?”

दादा म्हणाला, नाही, डाळमिल. इन्स्पेक्टरनं विचारलं, मग हा रंग कुणी निवडला? आम्ही तिघंही जमिनीकडे. वहिनी म्हणाली, मी. तुरीचा आहे.

त्यानं पॅडवर काहीतरी लिहिलं. दोन ओळी. आमच्याकडून दिसत नव्हत्या. मग म्हणाला, चालवून पाहतो, आणि दादाकडून किल्ली घेतली. दादानं किल्ली दिली, पण हात थोडा वेळ तसाच पुढे राहिला. दुसरं दार उघडून वहिनी वर चढली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. इन्स्पेक्टर म्हणाला, बाई, तुमची गरज नाही. ती म्हणाली, मशीन माह्या गटाचं आहे, अन् ह्या गाडीची एक एक वायर मले मायती आहे, तुमी विचारा. गाडी निघाली. गेटपाशी डावा दिवा लागला, फक्त डावा, आणि ट्रक डावीकडे वळला.

बाकीच्या गाड्यांची चक्कर दहा मिनिटांत होते. आमच्यानंतर दुसऱ्या इन्स्पेक्टरनं नेलेला टेम्पो सहा मिनिटांत परत आला. यांना गेलेल्याला अर्धा तास झाला आहे.

चाचा म्हणतात, दिव्यांना एवढा वेळ लागत नाही, रंगाचंच काही असेल. दादा म्हणतो, ती बोलत असंल. चाचा म्हणतात, अर्धा तास? दादा त्यांच्याकडे पाहतो.

खिडकीवरचा कारकून जेवायला निघाला. त्याला विचारलं, पासचा शेरा आजच मिळेल ना. म्हणाला, साहेब आले की.

आम्ही लिंबाखाली. रस्त्यावर पिवळं काही दिसलं की तिघंही उठतो. आतापर्यंत दोन स्कूलबस, एक काळीपिवळी.